सखुबाईंच्या स्लॅबवरची पाणझाडं

सखुबाईंचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. ठाण्याजवळच्या दिवा गावात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आलं तरी ते सखुबाईंच्या कामाचं नव्हतं. त्यांना विहिरीचं पाणी लागायचं. गावातल्या जुन्या विहिरीवर पाच वाजले की बायका जमतात, मग नंबर लागतो. त्याआधी सखुबाई दहा खेपा उरकायच्या. एका खेपेला दोन कळशा, एक डोक्यावर, एक कमरेवर. विहिरीपासून घर एकशे चाळीस पावलं. घराच्या बाहेरून स्लॅबवर जाणारा जिना बावीस पायऱ्यांचा, त्याला कठडा नाही. मी चढून मोजल्या आहेत. मी चौतीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात अंगमेहनतीचं काम केलं. माणूस काय बोलतो ते मी नंतर ऐकतो, किती काम करतो ते आधी बघतो.

ते पाणी पिण्याचं नव्हतं, स्वयंपाकाचंही नव्हतं. स्लॅबवर एकतीस टब होते. काही धुण्याचे जुने टब, काही मधोमध कापलेले निळे पिंप, दोन मोडके फ्रीज आडवे टाकलेले. त्यात पाण्याखाली वाढणारी झाडं होती. घरात काचेच्या टाकीत मासे ठेवतात, त्या टाकीत लावायची. सखुबाई ती वाढवायच्या आणि रविवारी कल्याणला महेंद्रच्या दुकानात नेऊन द्यायच्या. महेंद्रचं माशांचं दुकान पश्चिमेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे.

ही माणसं मूळची तिथलीच. सखुबाईंच्या सासऱ्यांची भातशेती होती. ती वाटण्यांत आणि विक्रीत गेली. नवरा रघु मिठागरात कामाला होता. मिठागर बंद पडल्यावर त्याने गवंड्याच्या हाताखाली काम केलं आणि त्याच हाताने हे घर बांधलं, वर स्लॅब टाकला. पुढे वरचा मजला चढवायचा होता, तेवढ्यात तो गेला. त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा दिपेश शेअर रिक्षा चालवतो. सून करिश्मा घरी शिवणकाम करते.

झाडं कुठून आली तेही सांगतो. शेताला लागून एक तळं होतं. ते बुजवायला डंपर येऊ लागले तेव्हा सखुबाई गुडघाभर चिखलात उतरल्या आणि तळातलं जे हिरवं हाताला लागलं ते टबात भरून घरी आणलं. कशासाठी, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. लहानपणापासून बघितलेलं होतं, एवढंच. लांब पातीचं गवत, नीरब्राह्मी, बारीक झालरीसारखं एक, आणि रुंद पानांचं एक, जे ओहोळाच्या कडेला यायचं. नव्या इमारतीतल्या एका माणसाने ती बघून सांगितलं की दुकानात याचे पैसे मिळतात. तेव्हापासून हा धंदा.

माझा याच्याशी संबंध गेल्या वर्षी आला. मी शहाडला राहतो. नोकरीत पंप आणि फिल्टर बेडवर खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होतो. नदीचं पाणी आत येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, पाणी रेतीच्या थरातून गाळून पुढे जातं, शेवटी त्यात टीसीएल पावडर मिसळते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. रेतीचे थर उलट्या दाबाने धुणं हे माझं काम. माझ्या पाळीत पाणी कधी गढूळ गेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं. नात सान्वी मासे पाहिजेत म्हणाली. मी महेंद्रकडून अडीच फुटांची काचेची टाकी घेतली. महेंद्र म्हणाला, आधी झाडं लावा, ती महिनाभर रुजू द्या, मग मासे घ्या. झाडं पाणी चांगलं ठेवतात, माशांची घाण खातात. झाडं कुठून येतात, असं मी विचारलं. मला माल कुठून येतो ते बघायची सवय आहे. त्याने सखुबाईंचं नाव सांगितलं, आणि नवरात्राच्या आधी एका सकाळी मी दिव्याला गेलो.

विहिरीवर नंबर लागल्याने त्या दिवशी त्यांच्या खेपा उशिरापर्यंत चालल्या होत्या. मी त्यांच्या पायऱ्या मोजल्या. कळशा उचलताना त्यांच्या मानेच्या शिरा बघितल्या. ह्या बाईचं काम खरं आहे असं माझं मत झालं. पण टब बघून मन खट्टू झालं. कडेला शेवाळ, तळाशी चिखल, त्यात बारीक गोगलगायी. एकही टब घासलेला नव्हता. मी तसं म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घासला तर मरेल. मला ते आळसाचं बोलणं वाटलं. बावीस पायऱ्या वीस कळशा चढवणाऱ्या बाईला मी मनातून आळशी ठरवलं, तेही दोन मिनिटांत.

तरी त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. रेती एकदाच धुवायची, लावण्याआधी. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, वास गेला की मग घालायचं. रोज आठ तास दिवा, जास्त नको. आठवड्याने चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही. रुंद पानाच्या झाडाची पानं नव्या पाण्यात सडून गळतात, घाबरायचं नाही.

"लावायचा आनि हात काढून घ्यायचा," त्या म्हणाल्या. "पान गेला तरी खालचा उपटायचा नाय."

निघताना चहा झाला. तेव्हा बोलता बोलता त्यांनी स्लॅबचीही गोष्ट सांगितली. दिपेशला तिथे पत्र्याच्या दोन खोल्या काढायच्या होत्या. दिव्यात खोली रिकामी राहत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी काढल्या होत्या. दिपेश वाईट मुलगा नाही, पण रिक्षाचा हप्ता त्याच्या डोक्यावर होता. मायलेकांत ठरलं होतं की खोल्यांचं भाडं येईल तेवढं झाडांतून येतंय तोवर टब राहतील. जेमतेम तेवढं येत होतं. दुकान एकच होतं. महेंद्रने माल घेणं थांबवलं असतं तर स्लॅब गेला असता. आणि झाडं दुसरीकडे हलवायला तळं राहिलेलं नव्हतं.

म्हणजे मला हे माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा. मला माहीत होतं.

मी झाडं घरी आणली आणि माझ्या पद्धतीने काम सुरू केलं. आधी ती टीसीएलच्या पाण्यात बुडवली, गोगलगायीची अंडी नकोत म्हणून. चांगला अर्धा तास. मग लावली. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करायची. रेती बादलीत काढून टीसीएल घालून तीन पाण्यांत धुवायची. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा. झाडं उपटून एकेक पान बोटांत धरून चोळायचं. परत सरळ रांगेत लावायचं. वरून तुरटीचा खडा फिरवायचा. अडीच तास लागायचे. बायको म्हणायची, "नोकरी सुटली तुमची, हात नाही सुटले." मला ते कौतुक वाटायचं.

पाणी काचेसारखं होतं. झाडं मात्र आठ दिवसांत पिवळी, पंधरा दिवसांत लगदा. मी ती महेंद्रकडे परत घेऊन गेलो. त्याने न बोलता दुसरी दिली. तीही गेली. मी मेहनत वाढवली. आठवड्यातून दोनदा धुवायला लागलो. तिसरी खेप गेली तेव्हा माझं ठरलं की दोष मालात आहे. इतकं काम करूनही जे जगत नाही ते मुळातच सडकं असणार. माझं चुकत असेल असं एकदाही मनात आलं नाही. जो कमी काम करतो तोच चुकतो, असंच मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

मार्गशीर्षातला रविवार होता. दुकानात आठदहा गिऱ्हाइकं होती. मी मेलेली झाडं पिशवीतून काउंटरवर ओतली. त्याच वेळी सखुबाई बादली घेऊन दाराशी आल्या. बादलीत पाण्याच्या पिशव्या, पिशव्यांत ताजी झाडं. मला तिथेच थांबता आलं असतं.

माझ्या खिशात ओटीची बाटली होती. पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायचं औषध असतं ते. दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. नोकरीत रंग आला नाही की वरपासून खालपर्यंत सगळ्यांना फैलावर घ्यायचे. बाटली मी मुद्दाम आणली होती. मी सखुबाईंच्या बादलीतली एक पिशवी घेतली, सोडली, पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले आणि नळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. रंग आला नाही.

"हे गटाराचं पाणी आहे," मी म्हणालो. "चौतीस वर्षं पाणी बघतोय मी. ह्यात झाड जगणार नाही, मासा जगणार नाही."

एका बाईने हातातली झाडांची पिशवी परत ठेवली. महेंद्र म्हणाला, "काका, हळू बोला ना." पण त्याचं तोंड उतरलं होतं.

सखुबाईंनी बादली खाली ठेवली. "मी इहिरीचा पानी घालतय भाऊ," त्या म्हणाल्या. "गटाराचा नाय."

मी विचारलं, विहीर कधी साफ झाली, त्यात पावडर कोण टाकतं. कोणी टाकत नव्हतं. मी लोकांकडे बघितलं, झालं ना सिद्ध, अशा अर्थाने. एक तरुण गिऱ्हाईक हसला आणि सोबतच्याला म्हणाला, "चल रे, इथून नको." सखुबाई माझ्या जवळ उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे एकदा बघितलं, मग तोंडाकडे. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी सोडलेली पिशवी घेतली, तिला परत रबर लावलं, बादली उचलली आणि गेल्या.

ज्या पाण्यात क्लोरीन नाही त्यातच झाड जगतं. त्यांना हे शाळा न शिकता माहीत होतं. मी मात्र तेच पुराव्यासारखं वर धरलं होतं.

जानेवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जन्मभर व्हॉल्व्ह फिरवल्याचं ते फळ. डॉक्टरांनी सहा आठवडे वाकायला आणि बादली उचलायला बंदी घातली. टाकीत तिसऱ्या खेपेचे काही बुडखे तसेच रेतीत राहिले होते. मी कॉटवरून बघत होतो. पाणी आधी दुधासारखं झालं. मग काचेवर तपकिरी थर चढला. बायकोला मी म्हणायचो, निदान पाणी तरी बदल. ती म्हणायची, तुमच्या टाकीला हात लावून शिव्या कोण खाईल. चौथ्या आठवड्यात पाणी आपोआप निवळलं. पाचव्या आठवड्यात रुंद पानाच्या बुडख्यातून एक कोंब आला, तांदळाच्या दाण्याएवढा. मग दुसरा. महाशिवरात्रीच्या सकाळी मी मोजले तेव्हा सात होते, आणि लांब पातीच्या गवताने रेतीखालून शेजारी नवं रोप टाकलं होतं.

मी उठलो आणि ओटीची बाटली आणली. टाकीतलं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले. रंग आला नाही. सखुबाईंच्या पिशवीत होतं तसंच पाणी आता माझ्या टाकीत होतं, आणि त्यात झाडं आली होती. मी हात लावला नव्हता म्हणून आली होती. मग माळ्यावरून टीसीएलचा डबा काढला. चार महिन्यांत अर्ध्याहून जास्त संपलेला. तो मीच संपवला होता.

त्या सकाळी मला सगळं कळलं. कल्याणला जायला शहाडहून किती वेळ लागतो? एक स्टेशन. दुकानात जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी गेलो नाही.

कारणं खूप सांगता येतील. टाके ताजे होते, हे पहिल्या पंधरवड्याचं कारण. नंतर म्हटलं, महेंद्र विसरलाही असेल. नंतर म्हटलं, एका म्हाताऱ्याच्या बोलण्याने कोण धंदा थांबवतो. मार्केटला जाताना मी ती गल्ली टाळून पलीकडून वळसा घ्यायला लागलो. हा वळसा दोनशे पावलांचा आहे. नोकरीत एकदा माझ्या चुकीने एक पंप जळला होता, तेव्हा मी स्वतः साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो होतो. तिथे भीती होती ती पगार कापण्याची. इथे कापायला कोणी नव्हतं, तरी मी गेलो नाही. खरं कारण एवढंच की ज्या कामाचा मला अभिमान होता त्याच कामाने मी झाडं मारली होती, आणि ते एका कळशा वाहणाऱ्या बाईला आधी कळलं होतं.

मे महिन्यात सान्वी सुट्टीला आली. टाकी हिरवीगार झाली होती. तिने मासे मागितले. दुकानात जाणं भाग पडलं. महेंद्रने मला बघताच स्टूल पुढे केलं, थंड मागवलं.

"काका, तुमच्यामुळे वाचलो," तो म्हणाला. "त्या मावशीचा माल त्याच दिवशी बंद केलेला. आता कोलकात्यावरून पॅक येतो, एकदम क्लीन. गिऱ्हाइकाला सांगतो, फिल्टर प्लँटवाल्या काकांनी टेस्ट करून सांगितलंय."

तो माझ्या नावाने माल विकत होता. मी तोंड उघडलं, पण सान्वी माशांची नावं विचारत होती. महेंद्रने माशांचे अर्धेच पैसे घेतले. मी ते राहिलेले पैसे खिशात परत ठेवले. घरी येईपर्यंत सान्वी बडबडत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. ती गावी परत जाईपर्यंत मी थांबलो. तोही बहाणाच होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी दिव्याला गेलो. घराशी पोचलो तर जिन्याखाली पत्रे आणि लोखंडी अँगल रचून ठेवलेले. करिश्मा मशीनवर बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मी झाडं बघायला आलोय म्हटलं, तर म्हणाली, "आई कामाला गेल्यात. तीन वाजता येतील. तोवर वर जाऊन बघा."

मी चढलो. टब जागेवर होते. मी मोजले, एकतीस. सगळे भरलेले. लांब पातीचं गवत टबाच्या कडेवरून बाहेर वाकलेलं. विकलं न गेल्यामुळे दाटी झाली होती, पण मेलेलं काही नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे दिपेशने आईचं ऐकलं, पत्रे आणूनही चढवले नाहीत. झालं ते एवढं काही मोठं झालं नाही. मी त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. ती सुटकाही आता मी लाजेतच मोजतो.

सखुबाई सव्वातीनला आल्या. कुठे जाता, विचारलं. ठाण्याला, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, भांडी घासायला. सकाळी सहाची गाडी. म्हणजे विहिरीच्या खेपा त्याच्याही आधी. आता त्या पहाटे सव्वातीनला उठत होत्या. बोटं पाण्याने पांढरी पडून चिरली होती. घर चालवायला जात असतील असं मी धरलं. त्यांनी मला ओळखलं होतं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं.

मी उभाच राहिलो आणि सांगितलं. टीसीएल, रेती धुणं, उपटून पानं चोळणं, ऑपरेशन, कोंब. महाशिवरात्रीला कळलं हेही सांगितलं. करिश्माची मशीन थांबली होती.

सखुबाईंनी चिरलेल्या बोटांना खोबरेल लावता लावता ऐकलं. मग म्हणाल्या, "मना तवाच समजला व्हता."

"कधी?"

"दुकानात. तुमच्या हाताला वास येत व्हता. नलाच्या पान्याला येतो तो."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता.

"चार मानसांत तुमच्याशी भांडून कोन ऐकनार व्हता माजा?" त्या म्हणाल्या. "मना वाटला, येवढा मेहनतीचा मानूस हाय. आट दिसांत त्याचा त्याला कलेल. मंग येईल." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी वाट बगितली."

यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझं मोल माझ्याच मापाने केलं होतं आणि मी त्यात बसलो नव्हतो.

मी पैसे नेले होते, पाकिटात घालून. नुकसानभरपाई म्हणून पुढे केले. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. दुकानात बोलला होता तसं दुकानातच बोला, एवढंच म्हणाल्या, आणि वर टब बघायला गेल्या.

पुढच्या रविवारी मी कल्याणला गेलो. मुद्दाम अकरा वाजता, गर्दीच्या वेळी. महेंद्रला म्हटलं, मी खोटं बोललो होतो. झाडं चांगली होती, पाणी चांगलं होतं, मारली मी. टीसीएल टाकून. तो हसायला लागला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. म्हणून मी परत सांगितलं, मोठ्याने. टाकी खरेदी करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "म्हणजे आजोबा, तुम्ही झाडांना ब्लीचिंग पाजलंत?" मी हो म्हटलं. सगळे हसले. महेंद्र म्हणाला, "फिल्टर प्लँटवाले काका, आणि तुम्हीच?" परत हसले. मी काउंटरला धरून उभा राहिलो. सखुबाईंना मी मार्गशीर्षात जेवढा वेळ उभं केलं होतं तेवढा वेळ तरी उभं राहायचं असं ठरवून गेलो होतो.

मग व्यवहाराचं बोलणं झालं. महेंद्र म्हणाला, कोलकात्याचा माल आता लागलाय, तो बंद करणार नाही. मावशींकडून महिन्यात दोन बादल्या घेईन, बघू. आधी महिन्याला चार जायच्या आणि त्याने जेमतेम भागायचं. मी आणखी दोन दुकानांत गेलो, एक डोंबिवलीत, एक ठाण्यात. डोंबिवलीचा महिन्याला एक बादली घ्यायला तयार झाला. ठाण्याच्याने नमुना मागितला. माझ्या बोलण्याने एका मिनिटात जे मोडलं होतं, त्यातलं एवढंच पायपीट करून जुळलं.

हे सांगायला मी परत दिव्याला गेलो. सखुबाई कँटीनला होत्या. करिश्माने ऐकून घेतलं, डोंबिवलीच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला. मी म्हटलं, आता सासूबाईंना कँटीन सोडता येईल, त्यांना जरा आराम मिळेल.

करिश्मा म्हणाली, "कसं सोडतील? स्लॅबचं भाडं कोण देणार?"

मला कळलं नाही. घर तर त्यांचंच आहे, मी म्हणालो.

तिने दाराबाहेर बघितलं, नवऱ्याची रिक्षा नाही याची खात्री केली, आणि हळू आवाजात सांगितलं. दुकानाने माल बंद केला त्या महिन्यात दिपेशने पत्रे आणले. वेल्डरला दिवस दिला. आदल्या संध्याकाळी सखुबाई त्याला म्हणाल्या, चढवू नको. दोन खोल्यांचं जे भाडं आलं असतं ते दर महिन्याला मी तुला देते. दिपेशला वाटलं आई चार दिवसांत दमेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनचं काम धरलं.

"पगार झाला की पाकीट न फोडता ह्यांच्या हातात देतात," करिश्मा म्हणाली. "गाडीच्या पासापुरते तेवढे ह्यांच्याकडून मागून घेतात. ह्यांनाही घेताना बरं वाटत नाही. पण हप्ता आहे ना, घेतात."

मी जिन्याखालच्या पत्र्यांकडे बघितलं. वर बघायला गेलो नाही. सहा महिने दुसऱ्यांची भांडी घासून सखुबाईंनी जो पगार मिळवला, त्यातून त्यांनी रघुने बांधलेला स्लॅब आपल्याच मुलाकडून भाड्याने घेतला. त्यातल्या पहिल्या दोन महिन्यांचं भाडं त्यांनी भरलं तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. उरलेल्या चार महिन्यांचं भाडं त्यांनी भरलं तेव्हा मला माहीत होतं.